घारापुरीच्या गावांत पाहुणा म्हणून जाताना

गेटवेहून सकाळी सुटणाऱ्या लाँचमधले बहुतेक सगळे प्रवासी शेतबंदरच्या धक्क्यावर उतरतात, धक्क्यावरच्या छोट्या गाडीत बसतात, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढून लेण्यांत जातात, त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि दुपारच्या लाँचने परत फिरतात. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, सरबत आणि कैरीच्या फोडी विकणारी माणसे संध्याकाळी कुठे जातात, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. ती माणसे घरी जातात. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही घारापुरी, म्हणजेच एलिफंटा, या बेटावरची तीन गावे आहेत, तिन्ही मिळून वस्ती बाराशेच्या घरात आहे, आणि मुंबईच्या बंदरातून अवघ्या तासाभराच्या अंतरावर असूनही तिथे जाण्यासाठी आजही पाण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

हा लेख लेणी पाहायला जाणाऱ्यांसाठी नाही. बेटावरच्या माणसांना भेटावे, त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, जमल्यास त्यांच्या ओटीवर बसावे, असे ज्यांना वाटते त्यांनी तयारी कशी करावी, कोणत्या दिवशी जावे, तिथे कसे वागावे आणि परत कसे यावे, एवढाच त्याचा विषय आहे. मी स्वतः पहिल्या खेपेला यातले जवळजवळ सगळे चुकीचे केले होते, त्यामुळे काही सूचना अनुभवाची किंमत मोजून मिळालेल्या आहेत.

बेट कोणते निवडावे

मुंबईच्या आसपास समुद्रात दिसणारे प्रत्येक बेट जाण्याजोगे नसते. घारापुरीला जाताना डावीउजवीकडे दिसणाऱ्या बेटांपैकी बुचर आयलंड, म्हणजेच जवाहर द्वीप, हा खनिज तेलाचा टर्मिनल आहे, आणि बंदराच्या तोंडाशी असलेली काही छोटी बेटे नौदलाच्या ताब्यात आहेत. तिथे कोणी होडीवाला 'जवळून दाखवतो' म्हणाला तरी नाही म्हणावे. लाँच नौदलाच्या जहाजांजवळून जाते तेव्हा फोन खिशात ठेवणे शहाणपणाचे. ड्रोन तर घरीच ठेवावा, परवानगीशिवाय तो या भागात उडवता येत नाही.

वस्ती असलेल्या बेटांमध्ये मी दोन नावे सुचवीन. पहिले अर्थातच घारापुरी. दुसरे पाणजू, जे वसईच्या खाडीत नायगाव आणि भाईंदर यांच्या मधोमध आहे. पश्चिम रेल्वेच्या गाड्या रोज या बेटावरून धडधडत जातात, पण बेटावर स्टेशन नाही, आणि पाणजूकरांना घरी जाण्यासाठी नायगावला उतरून होडी पकडावी लागते. चर्चगेट ते विरार असा रोजचा प्रवास करणाऱ्या असंख्य माणसांनी हे गाव खिडकीतून पाहिले आहे आणि त्याचे नाव मात्र ऐकलेले नाही. एकांत म्हणून पाहिले तर पाणजू घारापुरीपेक्षा खरे, कारण तिथे पाहायला येण्यासारखे काही नाही, त्यामुळे तिथे जो जातो तो कोणाकडे तरी जातो. म्हणूनच पाणजूला ओळखीवाचून जाऊ नये. घारापुरीला अनोळखी माणसाची सवय आहे, तिथे सुरुवात करणे सोपे.

पाणजूविषयी एक गोष्ट इथेच सांगतो. होडी चुकली की गावकरी रेल्वेच्या पुलावरून चालत जातात, आणि गाडीतून खाडीत फेकलेले निर्माल्य, विशेषतः नारळ, त्यांना लागतात. अशा नारळाने माणसाचा जीवही गेला आहे. पाणजूला जाणार असाल किंवा नसाल, खाडीवरून जाताना डब्यातून काही फेकू नये आणि शेजारच्यालाही फेकू देऊ नये. पुलावरून चालत जाण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो अजिबात मानू नये. तिथल्या माणसांची ती अडचण आहे, आपली हौस नाही.

यापुढचे विवेचन मुख्यतः घारापुरीला धरून आहे, पण वेळ, निरोप आणि वागणूक यांविषयीचे जवळजवळ सगळे पाणजूलाही लागू पडते.

आधी निरोप

बेटावर अचानक उगवणे आणि शहरातल्या एखाद्याच्या घराची बेल न सांगता वाजवणे यांत फरक आहे. शहरातला माणूस दार उघडणार नाही, बेटावरचा उघडेल, आणि मग तुमच्यासाठी हातातले काम टाकेल. म्हणून त्याला ते काम टाकावे लागू नये, याची काळजी आपण घ्यायची. पहिल्या खेपेला मी सकाळच्या लाँचने गेलो आणि पायवाट विचारत थेट राजबंदरला पोचलो, तेव्हा ऐन अकराची वेळ होती. पुरुष बाहेर होते, बायका पाणी, स्वयंपाक आणि वाळवणाच्या गडबडीत होत्या, आणि मी एका ओटीसमोर पाठीवर पिशवी अडकवून उभा राहून 'जरा बोलायचे होते' असे म्हणत होतो. कोणी वाईट बोलले नाही. एका आजीने पाट पुढे सरकवला आणि पाणी आणून दिले, 'पयले पानी पी, मंग बोल,' एवढेच म्हणाल्या. पण त्यांची चूल तोवर विझली होती, हे मला उठताना दिसले.

निरोप पाठवण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे दोन खेपांची भेट. पहिल्या खेपेला पर्यटक म्हणूनच जावे, पायऱ्यांवरच्या दुकानात काहीतरी घ्यावे, दुकानवाल्या मावशींशी किंवा दादांशी बोलावे, कोणत्या गावचे हे विचारावे, आणि पुढच्या वेळी गावात आलो तर चालेल का, कोणत्या दिवशी यावे, असे सरळ विचारावे. दुकानाच्या भर गर्दीत, म्हणजे अकरा ते दोनच्या दरम्यान, हे बोलणे काढू नये. तीननंतर गिऱ्हाईक ओसरते तेव्हा काढावे. फोन नंबर मागण्याऐवजी आपला द्यावा. ज्याला बोलवायचे असेल तो बोलवतो. दुसरा मार्ग मुंबईतूनच निघतो. ससून डॉक, भाऊचा धक्का, कुलाबा, वरळी, माहीम अशा ठिकाणी तुमच्या ओळखीत कोळी कुटुंब असेल, किंवा उरण-पनवेलकडचे आगरी कुटुंब असेल, तर बेटावर कोणाची तरी आत्या, मेहुणा किंवा सासुरवाडी निघण्याचा संभव बराच असतो. बेटावरची सोयरीक पाण्यापलीकडे पसरलेली असते, कारण एवढ्या छोट्या गावांना ती तशी पसरावीच लागते.

पाच-सहापेक्षा जास्त माणसांचा गट असेल, विद्यार्थी असतील किंवा कोणत्याही प्रकारची माहिती लिहून घ्यायची असेल, तर ग्रामपंचायतीला आधी पत्राने कळवावे. घारापुरी रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते, मुंबई महापालिकेत नव्हे. हा तपशील कोरडा वाटेल, पण गावात गेल्यावर 'आपल्या मुंबईचंच बेट' असे म्हणालात, तर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते या तपशिलामुळे असते. त्याचप्रमाणे 'एलिफंटा' हे नावही धक्क्यावरच सोडून द्यावे. पोर्तुगिजांना बेटावर एक मोठा दगडी हत्ती दिसला आणि त्यांनी हे नाव दिले. तो हत्ती इंग्लंडला न्यायच्या खटपटीत १८६४ मध्ये उचलताना मोडला, पुढे जोडला गेला आणि आज भायखळ्याला राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे हत्ती मुंबईत आला, नाव बेटावर राहिले. गावात मात्र सगळे घारापुरीच म्हणतात.

दिवस पाण्यावरून ठरवावा

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण शहरातून जाणारे लोक नेमके इथे चुकतात. आपण रविवार पाहतो, बेट तिथी पाहते.

मुंबईच्या समुद्राची भरती काढण्याचा कोळीवाड्यांतला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ठोकळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि नेमकी वेळ छापील किंवा फोनवरच्या भरतीच्या तक्त्यातून घ्यावी हेच बरे. पण पाऊणपट तोंडपाठ असली की दिनदर्शिका उघडल्याबरोबर दिवसाचा अंदाज येतो, आणि तांडेलाशी, म्हणजे होडीच्या म्होरक्याशी, बोलताना आपण अगदीच कोरडे ठरत नाही.

आता दुसरी गोष्ट. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते, फरक चार मीटरांच्याही वर जातो, आणि पाण्याला ओढ जबर असते. अष्टमीच्या आसपास आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस भांग असतो, तेव्हा पाणी थोडे चढते, थोडे उतरते, ओढ मंद असते. होडीच्या सोयीने पाहिले तर उधाणाचे दिवस वाईट नाहीत: प्रतिपदेला भरती दुपारी एकच्या आगेमागे येते, म्हणून सकाळी दहाला चढत्या पाण्यात पोचता येते आणि चारला उतरत्या पाण्यात निघता येते. मीही आधी असेच दिवस निवडायचो. मग एका वयस्कर काकांनी जाळ्याचा पीळ सोडवत विचारले, की तुम्ही नेहमी आम्हाला काम असते तेव्हाच का येता? डोलीची जाळी, म्हणजे पाण्यात एका जागी रोवून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, पाण्याच्या ओढीवर भरतात. ओढ जोराची तेव्हा मासेमारी जोराची, आणि ओढ मंदावली की जाळी किनाऱ्यावर येतात, फाटलेले शिवले जाते, होडीची डागडुजी होते, माणसे सावलीत बसतात. ज्याला मासे पाहायचे आहेत त्याने उधाणात जावे. ज्याला माणसे भेटायची आहेत त्याने भांग गाठावा, म्हणजे अष्टमी ते एकादशी. भांगाला ओहोटी दुपारी येते खरी, पण पाणी फार उतरत नाही, त्यामुळे चिखलाचा त्रासही बेताचाच.

चिखलाची गोष्ट किरकोळ समजू नये. मोठ्या लाँचसाठी शेतबंदरला लांब धक्का बांधलेला आहे, तिथे प्रश्न येत नाही. छोट्या होडीने दुसऱ्या बाजूला किंवा पाणजूला उतरताना मात्र उधाणाच्या ओहोटीत किनारा आणि पाणी यांच्या मध्ये गुडघाभर गाळ पसरलेला असतो, आणि त्यातून चालण्याची एक पद्धत असते जी आपल्याला येत नाही. बुटांपेक्षा मागे पट्टा असलेली रबरी चप्पल बरी. नुसती सपाता गाळात राहून जाते.

महिन्यांविषयी थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच हवामान पाहून सुटतात किंवा सुटत नाहीत, आणि जाताना मिळालेली लाँच येताना मिळेलच असे नाही. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, म्हणून माणसे मोकळी असतील असा तर्क कोणी करील, पण त्याच दिवसांत भातलावणी असते. नारळी पौर्णिमा, गणपती आणि शिमगा या सणांना बोलावणे असल्याशिवाय जाऊ नये. त्या दिवशी घरे आपल्याच माणसांनी भरलेली असतात. सोमवारी लेणी बंद असतात आणि पर्यटकांच्या लाँचचा भरवसा नसतो. दुकाने थाटणाऱ्या कुटुंबांना हाच दिवस मोकळा सापडतो, म्हणून परतीची सोय गावातल्या माणसाने करून दिली असेल तर सोमवार उत्तम, एरवी टाळावा.

जाणे आणि पोचणे

गेटवेवरून लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात आणि दुपारपर्यंत ठरावीक अंतराने सुटतात. तिकीट खिडकीवरच घ्यावे, ते जाण्यायेण्याचे असते, परतीचा अर्धा भाग जपून ठेवावा. अंतर सुमारे १० किलोमीटर, वेळ तासभर. लाइफ जॅकेट चढल्याबरोबर घालावे आणि उतरेपर्यंत काढू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि माणसे बुडाली, त्या दिवशी समुद्र शांत होता. उकडते, वास येतो, फोटो चांगला येत नाही, ही कारणे त्यापुढे टिकत नाहीत.

गावकऱ्यांची स्वतःची ये-जा बहुतांशी उरण आणि न्हावा बाजूने होते, कारण तालुक्याचे ठिकाण, बाजार, कचेरी सगळे तिकडे. यजमानांनी त्या बाजूने बोलावले तर जरूर जावे, कारण त्या होडीत तुमच्याशेजारी गॅसचे सिलिंडर, भाजीची टोपली आणि दप्तर घेतलेले मूल बसलेले असते, आणि बेटावरचे जगणे धक्क्यावर पोचण्याआधीच निम्मे कळते. फक्त नावांचा घोळ करू नये. उरणचे मोरा बंदर, जिथे भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते, ते वेगळे, आणि बेटाच्या ईशान्य टोकाचे मोराबंदर हे गाव वेगळे.

शेतबंदरला उतरल्यावर ग्रामपंचायतीचा छोटासा कर भरावा लागतो. तो कुरकुर न करता भरावा आणि पावती घ्यावी. त्यानंतरचे पहिले काम म्हणजे परतीची शेवटची लाँच किती वाजता सुटणार हे धक्क्यावर विचारणे. साधारणपणे साडेपाचपर्यंत लाँच असतात, पण गर्दी, वारा आणि पाणी यांवरून वेळ हलते. पर्यटकांना बेटावर मुक्काम करायला परवानगी नाही, त्यामुळे 'राहू कुठेतरी' हा पर्याय मनात धरूच नये. आपल्या मुक्कामामुळे अडचणीत येईल तो यजमान, आपण नव्हे.

धक्क्यावरून पायऱ्यांकडे न वळता गावाची वाट धरावी. राजबंदर बेटाच्या दक्षिण अंगाला आहे, मोराबंदर ईशान्येला, आणि वाटेत आंबा, चिंच, करंज यांची दाट झाडी लागते. पूर्वेच्या टेकडीवर जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. त्या टेकडीच्या पलीकडे समुद्रापार न्हावाशेवा बंदराच्या अजस्र क्रेन दिसतात, आणि उत्तरेला अटल सेतू. वीस-बावीस किलोमीटर लांबीचा हा पूल २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला आणि बेटाच्या डोळ्यांसमोरून गेला, पण बेटाला लागला नाही. माकडांपासून खाऊची पिशवी सांभाळावी. हातात उघडी धरली तर ती तुमची राहत नाही.

पहिला तास

गावात शिरताना फोन खिशात असावा, गॉगल डोळ्यांवरून खाली असावा, आणि समोर जे पहिले वडीलधारे माणूस दिसेल त्याला नमस्कार करून कोणाकडे आलो हे सांगावे. हे सांगणे म्हणजे चौकशीला उत्तर नाही, ते आपण आपल्या आपण सांगायचे असते. तेवढ्याने पुढचे काम सोपे होते, कारण तुम्ही यजमानांच्या दारी पोचण्याआधी निरोप पोचलेला असतो. वयस्कर पुरुषांना काका किंवा नाना, बायकांना मावशी किंवा आजी, तुमच्या वयाच्या माणसांना दादा, ताई. त्यांच्याकडून तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत 'तू' म्हटले जाण्याचा संभव आहे. तो अपमान नाही, उलट काम झाले असे समजावे. तुम्ही मात्र 'अहो' सोडू नये. आणि आगरी-कोळी बोलीची नक्कल करू नये. चित्रपटांत ती इतक्या वेळा विनोदासाठी वापरली गेली आहे, की आपण प्रेमाने 'काय गो मावशे' म्हटले तरी ऐकणाऱ्याला ते प्रेमाने ऐकू येत नाही.

ओटीवर बसायला सांगितले तर ओटीवरच बसावे, आत डोकावू नये. पाणी दिले तर घ्यावे आणि पूर्ण प्यावे. बेटावर पावसाचे पाणी अडवून साठवलेले असते आणि उन्हाळ्यात त्याची चणचण होते, म्हणून भरलेल्या तांब्यातले दोन घोट पिऊन उरलेले ओतून देणे फार डोळ्यांवर येते. स्वतःची बाटली जवळ ठेवावी, आणि रिकामी झाल्यावर ती मुंबईलाच परत न्यावी.

बोलायचे कशाविषयी, हा प्रश्न पुष्कळांना अवघड वाटतो आणि त्यातून मग एकच प्रश्न बाहेर पडतो: विजेशिवाय तुम्ही कसे राहत होता? बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज २०१८ च्या फेब्रुवारीत आली. त्याआधी संध्याकाळचे तीनेक तास जनरेटर चाले. ती मोठी गोष्ट होती यात शंका नाही, पण तेव्हापासून येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारतो, आणि उत्तर देणाऱ्याला ते पाठ झाले आहे. पाठ झालेल्या उत्तरातून ओळख होत नाही. त्याऐवजी समोर जे काम चालले असेल त्याविषयी विचारावे. जाळे असेल तर ते कशाचे, कोणत्या माशासाठी, आस, म्हणजे जाळ्याचे भोक, एवढी बारीक का. भात असेल तर कोणते बी, पाणी कुठून येते. लग्नाचे कार्ड भिंतीला लावलेले असेल तर वरात होडीने आली का, हे विचारले की पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावे लागत नाही.

त्याहून बरे म्हणजे हात लावणे. दुसऱ्या खेपेला त्याच आजी सूप घेऊन जवळा निवडत बसल्या होत्या. सुकवलेल्या जवळ्यात बारीक शिंपले, काड्या, एखाददुसरे खेकड्याचे पिल्लू अडकलेले असते. सूप एका लयीत झटकले की हलका जवळा पुढे सरकतो, जड कचरा मागे राहतो, आणि मग बोटाच्या टोकाने तो वेचायचा. मी परवानगी विचारून एक मूठ घेतली आणि वेचू लागलो. माझे वेगात काही होईना, त्या अधूनमधून माझ्या ढिगातून एखादी काडी काढून बाजूला ठेवत, काही न बोलता. साधारण पाव किलो जवळा झाला तोवर मला त्यांच्या दोन्ही मुलींची सासरे, थोरल्याची नोकरी आणि गुडघ्याचे ऑपरेशन का टळले, हे सगळे कळले होते. मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

जेवण, पैसे आणि भेटी

जेवायला थांबवले तर थांबावे, पण आधी ठरले असेल तरच. तांदळाची भाकरी, बोंबील किंवा कोलंबी, सुकटीची चटणी असा बेत असतो. मासे खात नसाल तर हे निरोपातच सांगावे. पानावर बसल्यावर सांगितले तर घरातली बाई पुन्हा चुलीपाशी जाते. श्रावण, सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे तुमचे वार असतील तर त्या दिवशी जाऊच नये.

घरच्या जेवणाचे पैसे पुढे करू नयेत. ज्यांनी जेवण विकत देण्याचा व्यवसाय केला आहे त्यांना भाव विचारून तेवढे द्यावेत आणि घासाघीस करू नये, कारण त्या पानातला कांदासुद्धा होडीने आलेला असतो. घरी जाताना नेण्यासारखी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे ताजी भाजी आणि फळे. दादर किंवा भायखळ्याच्या बाजारातून पिशवीभर न्यावी. मिठाईचे डबे, जुने कपडे आणि मुलांना वाटायची चॉकलेटे नेऊ नयेत. चॉकलेटांनी मुले धक्क्यावर हात पसरून उभी राहायला शिकतात, आणि मग तेच पाहुणे तक्रार करतात. दारू कोणत्याही कारणाने नेऊ नये. सुकी मासळी विकत घ्यायची असेल तर उठताना घ्यावी, आल्या आल्या नाही, नाहीतर सगळे बोलणे गिऱ्हाइकाशी झाल्यासारखे होते. रोख रक्कम सुट्या नोटांत जवळ असावी, फोनवरून पैसे देणे रेंजवर अवलंबून राहते.

फोटो विचारूनच काढावा, बाई असेल तर तिला स्वतःला विचारून, घरातल्या पुरुषाला नव्हे. विहीर, धुणे आणि देवघर यांचे काढू नयेत. ज्यांचा काढला त्यांना दाखवावा आणि छापून देण्याचे कबूल करावे, पण कबूल करण्याआधी आपण खरेच छापणार आहोत का, याचा विचार करावा. छापून आणतो म्हणणारे फार येऊन गेलेले आहेत.

निघताना

शेवटच्या लाँचच्या एक तास आधी उठावे. राजबंदरहून किंवा मोराबंदरहून शेतबंदरच्या धक्क्यापर्यंत चालायचे असते, धक्काही लांब आहे, आणि त्या वेळी लेण्यांवरून उतरणारी सगळी गर्दी त्याच वाटेने येत असते. उठतो म्हटल्यावर यजमान आणखी बस म्हणतीलच, ती रीत आहे. दुसऱ्यांदा म्हटले की निघावे. सोबत धक्क्यापर्यंत कोणी आले तर नको म्हणू नये. लाँच सुटून गेलीच तर घाबरून गावभर हिंडण्याऐवजी धक्क्यावरच थांबावे आणि तिथल्या माणसांना लगेच सांगावे. अंधार पडण्याआधी दुसरी होडी मिळू शकते, अंधारानंतर मात्र तुमच्यासाठी कोणाला तरी धोका पत्करावा लागतो.

घरी आल्यावर आठवडाभरात फोटो छापावेत. कागदी पाकिटात घालून ते पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळावे, कारण लाँचच्या टपावर ते भिजते, आणि वर ठळक अक्षरांत गावाचे नाव, घरातल्या वडीलधाऱ्याचे नाव व 'फोटो आहेत, वाकवू नये' असे लिहावे. स्वतः जाणे जमत नसेल, तर पायऱ्यांवरच्या ज्या दुकानापासून ओळख सुरू झाली तिथल्या माणसाला आधी फोन करून, गेटवेवरून सकाळी सुटणाऱ्या लाँचच्या खलाशाकडे ते द्यावे. मी दिलेले पाकीट पोचल्याचा फोन त्याच दिवशी दुपारी आला. आजींना स्वतःचा फोटो पसंत पडला नव्हता, जवळ्याच्या सुपाचा पडला होता, आणि त्याची आणखी एक प्रत मुलीसाठी हवी होती.